बौद्धिक दिव्यांग असलेल्या मोठ्यांसाठी वनस्नान: सोलापुरात कुणी करतं का?

निंबोणी
शनिवार, रात्री

नमस्कार. हा धागा बौद्धिक दिव्यांग असलेल्या मोठ्या माणसांबद्दल आहे. लहान मुलांवर इथे बरेच धागे आहेत: शाळा, स्पीच थेरपी, सर्टिफिकेट. पण अठरा वर्षं झाली की शाळा संपते, आणि पुढे बहुतेक घरांत उठणं, टीव्ही, जेवण, झोप एवढंच उरतं. जवळ कार्यशाळा असली आणि तिथे जागा मिळाली तर दिवस थोडा भरतो. नाहीतर चांगला धडधाकट चाळिशीचा माणूस खिडकीत बसून रस्ता बघत राहतो.

माझा दादा चौतीस वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम आहे. आम्ही विजापूर रोडला राहतो, त्यामुळे सिद्धेश्वर वनविहार आम्हाला जवळ. पावसाळ्यात आणि थंडीत मी त्याला सकाळी तिथे नेते. आम्ही जे करतो त्याला जपानमध्ये शिनरिन-योकू म्हणतात, आपल्याकडे वनस्नान म्हणायला लागले आहेत. झाडांत सावकाश फिरायचं, वाटेल तिथे थांबायचं, ऐकायचं, वास घ्यायचा, हात लावायचा. किती अंतर झालं ते मोजायचं नाही. १९८२ साली जपानच्या वनखात्याने ही कल्पना मांडली. नागानो प्रांतातलं अकासावाचं जंगल त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढे तिथल्या संशोधकांनी जंगलात आणि शहरात माणसांना बसवून, चालवून त्यांची नाडी, रक्तदाब, लाळेतलं कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं संप्रेरक) तपासलं आणि जंगलात ही मापं खाली येतात असं दाखवलं.

आपल्या माणसांना हे फार जमतं असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. त्यांना दिवसभर कुणीतरी काहीतरी सांगत असतं. नीट बस, तोंड पूस, हा रंग कोणता, हे नाणं कितीचं. चालायला नेलं तरी मागून 'पाय उचल, पुढे बघ' चालूच. झाडांत गेल्यावर काही बरोबर-चूक नसतं. दादाला वाचता येत नाही, दहाच्या पुढे मोजता येत नाही. पण कडुनिंबाची साल आणि बाभळीची साल त्याच्या बोटांना वेगळी कळते. तो माझं मनगट धरून माझा हात आधी एका खोडावर ठेवतो, मग दुसऱ्या, आणि माझ्याकडे बघतो. पावसाळ्यात बाभूळ फुलते तेव्हा ते पिवळे गोंडे तळहातावर घेऊन अंगठ्याने हळूहळू फिरवत बसतो. त्या वेळी मी काही बोलत नाही. घरी असताना जो माणूस पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो तिथे अर्धा अर्धा तास बसतो. त्या दिवशी दुपारची चिडचिड कमी असते आणि रात्री झोप लवकर लागते, हे आईच्याही लक्षात आलं आहे.

सोलापूरचं रान म्हणजे काही कोकण नाही. साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पावसाचा आपला मुलूख, इथे काटेरी झुडपं, बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब, सीताफळ. पण मोराची हाक, कोतवाल पक्ष्यांची भांडणं, पानांतून येणारा वारा, एवढं दादाला पुरतं.

तुमच्यापैकी कुणी मोठ्या मुलामुलींना असं नेतं का? कुठे? काय अडचणी येतात? मोकळेपणी लिहा.


सातरस्ता
शनिवार, रात्री

छान धागा. माझा पुतण्या एकवीस वर्षांचा आहे, स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही. तो पळतो ही आमची मोठी अडचण. डोळ्यांसमोरून क्षणात नाहीसा होतो. मोकळ्या जागी न्यायचं म्हटलं की वहिनींच्या पोटात गोळा येतो.


निंबोणी
शनिवार, रात्री

@सातरस्ता, पळणाऱ्यांच्या बाबतीत एकास एक माणूस हवाच, सुरुवातीला दोन असले तर उत्तम. पहिल्या वेळी आत खोलवर जाऊच नका. गेटपासून दिसेल असं एक झाड निवडा, तिथे सतरंजी टाका आणि तेवढंच. दर वेळी तेच झाड, तीच सतरंजी. जागा ओळखीची झाली की पळणं पुष्कळदा कमी होतं, कारण नवी जागा, नवा आवाज, यानेच बरेच जण बिथरतात. शर्ट भडक रंगाचा घाला. खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पुढून दिसेल अशी गळ्यात अडकवू नका, ते त्यांनाही आवडत नाही. आणि पाण्याच्या कडेला नेऊ नका. संभाजी तलावाची बाजू सुंदर आहे पण पळणाऱ्या आणि पाण्याची ओढ असलेल्या मुलांसाठी नाही.


एक_बाप
रविवार, सकाळी

माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका ताई.

आमच्या मुलांना झाडाखाली बसवून काय मिळणार? शाळेत होता तोवर शिक्षक म्हणायचे, याच्या हाताला कौशल्य आहे. शाळा संपली आणि सगळं संपलं. एका ठिकाणी पाकिटं चिकटवायचं काम होतं, ते बंद पडलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वय जास्त आहे. त्याला काम हवं आहे. सकाळी डबा घेऊन कुठेतरी जायचं आहे, भावासारखं. मी साठीला आलो. माझ्यानंतर त्याचं कोण बघणार हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. अशा वेळी कुणी जपानचं वनस्नान सांगितलं की वाटतं, हे पोट भरलेल्यांचं बोलणं आहे. मन शांत करायचंय ते आमचं. आणि ते कामाने होईल, पानांचा वास घेऊन नाही.


माळावरचा
रविवार, सकाळी

@एक_बाप, काका, तुमचं म्हणणं पटतं. काम मिळायलाच हवं. पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत असं मला वाटतं.


ताराबाई
रविवार, दुपारी

मी विशेष शिक्षिका आहे, बरीच वर्षं मोठ्यांच्या वर्गावर काम केलं. एक_बाप यांनी लिहिलेलं मी पालकसभेत ऐकत आले आहे आणि प्रत्येक शब्द खरा आहे.

तरी एक मांडते. आपण सगळे रविवारी फिरायला जातो तेव्हा कुणी विचारत नाही की याने तुझ्यात काय सुधारणा झाली? आमच्या विद्यार्थ्यांना मात्र प्रत्येक गोष्टीत सुधारणा दाखवावी लागते. संगीत लावलं तर संगीतोपचार, मातीत हात घातला तर स्नायूंचा विकास. नुसती मजा करायची परवानगीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात कलम ३० मध्ये विरंगुळा, फुरसत आणि खेळ हा हक्क म्हणून लिहिला आहे. भारताने तो करार २००७ साली मान्य केला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही संस्कृती आणि करमणुकीसाठी वेगळं कलम आहे. म्हणजे झाडाखाली बसणं ही काम मिळेपर्यंतची वेळकाढू गोष्ट म्हणून मी बघत नाही. नोकरी करणाऱ्यालाही ते लागतं, न करणाऱ्यालाही.

एक तक्रारही लिहिते. एका संस्थेने आमच्या मुलांची निसर्गसहल काढली होती. सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, पुढे फलक, पाहुण्यांची भाषणं, मग झाडांना मिठी मारतानाचे फोटो. ज्या मुलीला अंगाला कपडा घासलेला सहन होत नाही तिला तो नवा टी-शर्ट घालून सकाळभर उन्हात उभं केलं. ती ओरडायला लागली तर म्हणे 'हिला पुढच्या वेळी आणू नका'. वनस्नान असं होणार असेल तर नको. माईक नको, फलक नको, फोटो त्यांना विचारल्याशिवाय नको. ते 'नको' म्हणाले तर परत घरी यायचं. बोलता येत नसेल तर दोन फोटो समोर धरा, एक झाडांचा, एक घराचा, आणि बोट कुठे जातं ते बघा. निवड त्यांची.


एक_बाप
रविवार, दुपारी

बाई, टी-शर्टचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या मुलाच्या बाबतीतही असं झालं आहे. मी माझ्या मुद्द्यावर आहे, पण तुमचं 'मजा करायची परवानगी नाही' हे डोक्यात राहील.


स्टेथोस्कोप
रविवार, संध्याकाळी

धागाकर्तीने चांगला विषय काढला. पेशाने डॉक्टर आहे म्हणून तब्येतीच्या बाजूने लिहितो.

आधी पुराव्याबद्दल, कारण कुणीतरी विचारणारच. जपानमधले बरेच अभ्यास छोट्या गटांवर आहेत, त्यांत निरोगी तरुण पुरुष जास्त. नाडी आणि रक्तदाब थोड्या वेळापुरता खाली येतो हे वारंवार दिसलं आहे. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी वाढतात असेही निष्कर्ष आहेत आणि त्याचं श्रेय झाडांतून हवेत येणाऱ्या सुगंधी द्रव्यांना दिलं जातं. पण ते प्रयोग तिथल्या सदाहरित जंगलांतले, तेच आकडे बाभळीच्या रानाला लावू नयेत. बौद्धिक दिव्यांग प्रौढांवर झालेलं काम फारच थोडं आहे. म्हणून वनस्नानाने आजार बरा होतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, चालू औषधं बंद करू नका. दुसरीकडे, १९८४ साली अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी दाखवलं होतं की खिडकीतून झाडं दिसणाऱ्या खोलीतले शस्त्रक्रियेचे रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हिरवाईचा उपयोग आहे, एवढं मी खात्रीने म्हणेन.

आता जे घरच्यांना कुणी सांगत नाही ते.

ऊन. मानसिक आजारासाठीची काही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याची यंत्रणा बिघडवतात. त्यांच्या जोडीला हातपाय कडक होऊ नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, त्याने घाम कमी येतो. फिट्ससाठी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तरी तेच. घाम आला नाही म्हणजे त्याला उकडत नाही असं समजू नका. कपाळ, मान हाताने बघा. ज्याला 'तहान लागली' सांगता येत नाही त्याला थोड्या थोड्या वेळाने पाणी पुढे करा. सोलापुरात मार्च ते मे हे सकाळी लवकर आटपून आठच्या आत सावलीत परत, नाहीतर घरीच.

फिट्स. काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येते. अशांना पानांतून चमकत येणाऱ्या उन्हात चालवू नका, दाट सावलीत बसवा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांच्या वर चालली तर १०८ ला फोन.

डाऊन सिंड्रोम. मानेच्या वरच्या दोन मणक्यांतला सांधा काहींचा सैल असतो, म्हणून कोलांट्या, झाडावर चढणं, मानेला झटका नको. मान दुखते, चाल अचानक बदलली, हातातून वस्तू पडतात असं झालं तर लगेच दाखवा. खोलीचा अंदाजही बऱ्याच जणांना येत नाही. जमिनीवरची गडद सावली त्यांना खड्डा वाटते.


निंबोणी
रविवार, संध्याकाळी

@स्टेथोस्कोप, सावलीचं अगदी खरं आहे! दादा ऊन संपून सावली सुरू होते त्या रेषेवर थबकतो, चप्पल पुढे करून टोकाने जमीन चाचपतो, दोनदा, तीनदा. मग पाऊल टाकतो. त्या वेळी ओढायचं नाही, खांदा द्यायचा. तो स्वतः धरतो.

आणि हो, चाळिशीकडे जाताना डाऊन सिंड्रोममध्ये विस्मरण लवकर सुरू होऊ शकतं असं आम्हाला सांगितलं आहे. म्हणून मी एक वही ठेवते. झोप, जेवण, चिडचिड, कुठल्या वाटेने गेलो, कुठे थांबला. ओळखीच्या वाटेवर तो गोंधळला तर ते मला घरापेक्षा तिथे आधी दिसेल.


माळावरचा
सोमवार, सकाळी

मी पक्षी बघत फिरतो, म्हणून रानाबद्दल लिहितो.

ज्यांना दिसेल ते तोंडात घालायची सवय आहे त्यांच्यासाठी ही झाडं ओळखून ठेवा: धोतरा, कण्हेर, एरंड आणि गुंज. गुंजेच्या लालकाळ्या बिया मण्यांसारख्या दिसतात, हात पटकन जातो, आणि चावून खाल्ल्या तर जिवावर बेततं. एरंडाच्या बियांचं तसंच. कण्हेर तर बागेबागेत आणि रस्त्याच्या दुभाजकावर लावलेली असते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. गाजर गवताने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, दमा असेल तर धाप वाढते, पावसाळ्यानंतर ते कंबरेएवढं झालेलं असतं. पाऊस सरला की गवताची कुसळं मोज्यांत घुसतात आणि स्पर्शाला हळव्या माणसाचा सगळा आनंद त्या एका कुसळाने जातो. मोजे काढून तपासा. फांदीवर आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला जाऊच नका, अत्तर लावून तर नाहीच. दगडांच्या ढिगाजवळ बसू नका, फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं.

दुसरं, सगळ्यांना दाट झाडी आवडेल असं नाही. काहींना फांद्या अंगावर येतात असं वाटतं. त्यांना नान्नजच्या बाजूचं माळरान दाखवा. १९७९ साली माळढोकसाठी तिथे अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं जवळपास अशक्य, पण काळवीट दिसतात, आणि चारी बाजूंनी नुसतं गवत आणि आभाळ. मात्र सावली नाही, म्हणून थंडीतली सकाळच बरी. वनखात्याने ठरवलेल्या वाटेनेच जायचं, परवानगी आधी विचारून घ्यायची. शहरातच हवं असेल तर विजापूर रोडचं स्मृती उद्यान. थंडीत तलावावर बदकं येतात, दुरून, हात धरून बघायला छान.


पूर्वभाग
सोमवार, रात्री

मी पहिल्यांदाच लिहिते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. मी विड्या वळते. सकाळी तेंदूपानं भिजवायची, कापायची, दुपारी वळायच्या, मग कारखान्यात द्यायच्या. तोपर्यंत ती माझ्यापाशी बसून दोरा गुंडाळते. तंबाखूचा वास घरभर असतो, तिला खोकला होतो. तिला बाहेर न्यावं असं मला लई वाटतं. पण मुलगी आहे. दिसायला मोठी बाई, मन लहान. कुणी गोड बोललं की त्याच्यामागे जाते. पाळीच्या दिवसांत तिला कळत नाही. बागेत बाथरूम नसतं, असलं तर कुलूप असतं. लोक बघतात, पोरं हसतात. म्हणून आम्ही नेत नाही. तुमचं सगळं वाचलं. तुमचे दादा आहेत, माझी मुलगी आहे, एवढाच फरक की.


ताराबाई
सोमवार, रात्री

अक्का, मराठी छान आहे तुमचं. आणि तुम्ही लिहिलेली अडचण या धाग्यावर आधीच यायला हवी होती.

मुलींसाठी मी गटानेच जायला सांगते. तीन-चार आया, मावश्या, त्यांच्या मुली. बाई बरोबर असल्याशिवाय नाही. निघण्याआधी घरी बाथरूम, तिथे जास्तीत जास्त तासभर. एक जादा पॅड आणि जादा सलवार पिशवीत. पाळीच्या दिवशी तिची इच्छा असेल तर न्या, नसेल तर नको, जसं आपण स्वतःचं ठरवतो. आणि कुणी गोड बोललं तर काय करायचं हे तिला शिकवता येतं. 'माझं अंग माझं', 'आईला विचारते', ही दोन वाक्यं रोज घरी म्हणून घ्या, आधी आत्यासमोर, मग शेजारणीसमोर. सव्वीसाव्या वर्षीही शिकतात, मी शिकवलेलं आहे.

जवळचं एखादं मोठं झाड बघा. देवळाच्या आवारातला पिंपळ, वडाचा पार. तिथे तुमच्या ओळखीच्या बायका असतात, बाथरूमची सोय असते, कुणी वाईट नजरेने बघणार नाही. वनस्नान वनातच व्हायला हवं असं काही नाही. कोवळं पान गालाला लावून बघू द्या तिला. विड्यांच्या खोलीतून सकाळचा तासभर तरी बाहेर, हे तिच्या छातीसाठीही चांगलं.


स्टेथोस्कोप
सोमवार, रात्री

@पूर्वभाग, खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, दोघींचीही. ही तपासणी तिथे मोफत होते. हे आधी करा.


सातरस्ता
मंगळवार, सकाळी

काल सतरंजी घेऊन गेलो होतो, वहिनी आणि मी. गेटजवळच्या कडुनिंबाखाली. पुतण्या आधी खूप फिरला, मी मागे मागे. मग उताणा झोपून वर बघत राहिला आणि बोटं हलवत होता, पानं हलतात तशी. वहिनी पहिल्यांदाच बाहेर कुठे निवांत बसल्या.


एक_बाप
मंगळवार, दुपारी

माझा प्रश्न अजून तोच आहे, काम. पण माळावरचा यांना विचारतो, रोपवाटिकेत आमच्या मुलांना काम मिळू शकेल का? पिशव्यांत माती भरणं, रोपांना पाणी देणं हे माझा मुलगा नक्की करेल. एकदा दाखवलं की तो विसरत नाही, आणि कंटाळत तर अजिबात नाही.


माळावरचा
मंगळवार, दुपारी

काका, का नाही मिळणार! पिशव्या भरण्याचा हंगाम पावसाळ्याआधीचा, तेव्हा माणसं लागतात. खाजगी रोपवाटिकावाले माझ्या ओळखीचे आहेत, दोघातिघांशी बोलतो. शेड-नेटखाली काम असतं म्हणजे सावलीही आहे. दोन गोष्टी मात्र आधी ठरवून घ्या: फवारणीच्या दिवशी त्याला बोलवायचं नाही, आणि मजुरी इतरांएवढीच. 'शिकतोय' म्हणून फुकट राबवून घेणारे असतात.


निंबोणी
मंगळवार, रात्री

@एक_बाप, काका, 'माझ्यानंतर कोण' यावर वेगळा धागा काढू या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आम्ही दादासाठी ती कागदपत्रं केली आहेत. काय काय लागलं ते सगळं तिथे लिहिते.

@पूर्वभाग, अक्का, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. तुमच्या भागातल्या देवळाच्या आवारात येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि आई येतो, ताराबाईही येते म्हणाल्या आहेत. सगळ्या बायकाच. दादा त्या दिवशी बाबांबरोबर घरी राहील. मुलीला आधी माझा फोटो दाखवून ठेवा, म्हणजे ती अनोळखी बाई बघून घाबरणार नाही. तिला काय खायला आवडतं तेही कळवा, आणि कुठल्या गोष्टीची भीती वाटते तेही. कुत्र्याची वाटत असेल तर दुसरी जागा बघू.